पूर्व आशियातले फिकट डोळे: युरोपीय पूर्वज शोधण्याआधी काय तपासावे

प्रश्न असा: आई-वडील दोघेही कोरियन, दोघांचे डोळे गडद तपकिरी, मुलाचे मात्र फिकट. मग घराण्यात कोणीतरी युरोपीय असणारच का, आणि घरगुती डीएनए चाचणीच्या रॉ डेटात (कंपनीकडून मिळणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) ते दिसेल का?

आधी 'फिकट' म्हणजे नेमके काय ते ठरवा. दिवसा खिडकीसमोर, फ्लॅश आणि फिल्टर न लावता दोन्ही बुबुळांचे जवळून फोटो घ्या. मधासारखी किंवा फिकट तपकिरी छटा असेल तर बहुतेक वेळा शोधण्यासारखे काही नसते. चिनी, जपानी, कोरियन लोकांतही तपकिरी रंगाच्या बऱ्याच छटा आहेत आणि त्या फरकात ओसीए-२ या जनुकाच्या परिसराचा वाटा आढळला आहे. स्वच्छ निळे किंवा करडे-निळे डोळे ही मात्र वेगळी बाब आहे.

निळ्या डोळ्यांत निळे रंगद्रव्य नसतेच. बुबुळात मेलॅनिन, म्हणजे त्वचा-केस-डोळ्यांना गडद रंग देणारे रंगद्रव्य, कमी असले की प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो. ओसीए-२ चे प्रथिन रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींतल्या मेलॅनिनच्या पिशव्यांची आम्लता सांभाळते. ती बिघडली की मेलॅनिन बनवणारे टायरोसिनेज हे विकर नीट काम करत नाही. ओसीए-२ किती चालू राहणार हे शेजारच्या एचईआरसी-२ जनुकातली एक जागा ठरवते: आरएस१२९१३८३२ (डीएनएतल्या जागांना असे क्रमांक असतात आणि फाइलमध्ये त्याच नावाने त्या सापडतात). तिथे डीएनएचे अक्षर 'ए' असेल तर ओसीए-२ जोरात चालते, 'जी' असेल तर मंदावते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन अक्षरे मिळतात, म्हणून जोडी 'एए', 'एजी' किंवा 'जीजी' असते. युरोपीय निळ्या डोळ्यांमागे बहुतेक वेळा 'जीजी' असते. पूर्व आशियात हा 'जी' जवळजवळ नाही. आपल्याकडे दक्षिण आशियात तो थोड्या प्रमाणात आढळतो, म्हणून कोकणातली घारी घराणी पाहून कोरियाचा अंदाज बांधू नका.

आता गणित करा. आजोबा डॅनिश, 'जीजी'. आजी कोरियन, 'एए'. त्यांचा मुलगा 'एजी', म्हणजे बहुधा तपकिरी डोळ्यांचा. त्याने 'एए' कोरियन मुलीशी लग्न केले तर नातवंडे 'एए' किंवा 'एजी'. 'जीजी' एकही नाही. निळ्या डोळ्यांसाठी 'जी' दोन्ही बाजूंनी यावा लागतो. समजा एखाद्या समाजात 'जी' चे प्रमाण १ टक्का आहे, तर 'जीजी' मूल दहा हजारांत एक. शिनजियांगमधल्या उइघुर लोकांत मात्र पश्चिम आणि पूर्व युरेशियाचा वारसा मिसळलेला आहे. तिथे फिकट डोळ्यांना दोन्ही बाजूंनी आलेला 'जी' हे कारण अगदी सरळ लागू पडते.

रॉ डेटा पाहताना सर्वात जास्त घोळ स्ट्रँडचा, म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कोणता वाचला याचा, होतो. आरएस१२९१३८३२ हीच जागा काही शोधनिबंधांत समोरच्या धाग्यावरून 'टी/सी' अशी लिहितात. तिथला 'सी' म्हणजे तुमच्या फाइलमधला 'जी'. याउलट आरएस१८००४१४ मध्ये फाइलमधला 'सी' हे पूर्व आशियातले खास रूप आहे. त्याने ओसीए-२ प्रथिनात ६१५ व्या जागी हिस्टिडीनऐवजी आर्जिनिन येते. ते तिथे फार मोठ्या प्रमाणात आढळते आणि त्वचा उजळ करते. डोळ्यांवर परिणाम झालाच तर तपकिरीच्या छटेपुरता. आरएस७४६५३३३० मधला 'टी' उत्तरेकडच्या गटांत जास्त दिसतो, त्यानेही रंग थोडा फिका होतो. यांतले काहीही सापडले म्हणून 'युरोपीय रक्त' सिद्ध होत नाही. उजळ त्वचा पूर्व आशियात स्वतंत्र वाटेने आली आहे.

डीएनएतल्या सहा जागांवरून डोळ्यांचा रंग सांगणाऱ्या आयरिसप्लेक्ससारख्या गणकाचे उत्तरही बेताने घ्या. ते युरोपीय माहितीवर बेतलेले आहे, निळे आणि तपकिरी चांगले ओळखते, मधल्या छटांत चुकते.

डोळे खरोखर निळे आहेत आणि आरएस१२९१३८३२ 'एए' आहे? मग वंशावळ बाजूला ठेवा आणि मुलाचे कान तपासा. वार्डनबर्ग सिंड्रोम या जन्मजात विकारात एक किंवा दोन्ही डोळे झळझळीत निळे असतात, कधी एकाच बुबुळाचा एखादा भाग. सोबत कपाळावर पांढरी बट, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत जास्त अंतर, जन्मजात बहिरेपणा यांपैकी काहीही असू शकते किंवा नसूही शकते. पीएएक्स-३, एमआयटीएफ, सॉक्स-१० ही त्यातली मुख्य जनुके. सहसा एकच बिघडलेली प्रत पुरते आणि तो बदल मुलात नव्यानेही घडू शकतो, म्हणून तपकिरी डोळ्यांच्या आई-वडिलांमुळे ही शक्यता बाद होत नाही. मूल आवाजाला दचकते एवढ्यावर थांबू नका; ओएई आणि बेरा या श्रवणाच्या दोन्ही तपासण्या करा, कारण एका कानाचा बहिरेपणा घरी लक्षात येत नाही.

डोळे सतत थरथरत असतील, उजेड सहन होत नसेल, केस-त्वचा भावंडांपेक्षा खूप फिकी असेल तर अल्बिनिझमच्या (जन्मतः मेलॅनिन फार कमी असण्याच्या विकाराच्या) दिशेने जा. चीनमध्ये टीवायआर जनुकातले बदल त्यात वारंवार सापडतात. जपानमध्ये एसएलसी४५ए२ मुळे होणारा चौथा प्रकारही बऱ्यापैकी आढळतो. सहज काळेनिळे डाग पडत असतील किंवा नाकातून वारंवार रक्त येत असेल तर हर्मान्स्की-पुडलाक सिंड्रोमचा (अल्बिनिझमसोबत रक्तस्राव लवकर न थांबण्याचा विकार) विचार व्हायलाच हवा, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी किंवा दात काढण्याआधी तो डॉक्टरांच्या कानावर घाला.

यांतले बहुतेक बदल घरगुती किटच्या चिपवर नसतात, त्यामुळे रॉ डेटात काही न सापडणे म्हणजे 'सगळे ठीक' असे नाही. जनुकीय समुपदेशकाकडे रंगद्रव्य आणि श्रवणाच्या जनुकांचे पॅनेल (अनेक जनुके एकत्र तपासणारी चाचणी) मागा आणि त्यात मोठे तुटलेले तुकडेही शोधले जातात का ते विचारा. पीएएक्स-३ आणि सॉक्स-१० मध्ये जनुकाचा अख्खा भाग गळालेला असू शकतो, आणि नुसते अक्षरवाचन करणाऱ्या चाचणीतून तो निसटतो.