पी००४५ आला म्हणजे टर्बो गेला असं नाही

तुमची गाडी दीड लिटर डिझेल. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला एकदम पिकअप गेला, चेक इंजिनचा दिवा लागला. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली तर गाडी व्यवस्थित. स्कॅनरवर पी००४५ हा एकच कोड, आणि गॅरेजवाला टर्बो बदला म्हणतोय. कृपा करून इतक्यात टर्बोला हात लावू देऊ नका.

पी०२९९ आला असता तर गोष्ट वेगळी होती. तो कोड सांगतो की ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, टर्बोकडून हवेचा जेवढा दाब (बूस्ट) मागितला तेवढा मिळाला नाही. त्यामागे फाटलेला होज, सैल क्लॅम्प, व्हॅक्यूमची गळती किंवा खुद्द टर्बो, काहीही असू शकतं. पी००४५ मात्र फक्त विजेबद्दल बोलतो: बूस्ट कंट्रोल सोलेनॉइडचं (बूस्ट कमी-जास्त करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचं) सर्किट तुटलंय किंवा बिघडलंय. टर्बोचा शाफ्ट ढिला आहे की व्हेन्स (आतली हलणारी पाती) काजळीने अडकल्यात, हे त्या सर्किटला कळतच नाही.

तुमच्या सोलेनॉइडला दोन पिनांचा कपलर आहे, म्हणजे व्हेरिएबल टर्बो व्हॅक्यूमवर चालतो. एका वायरीतून रिले आणि फ्यूजमार्गे १२ व्होल्ट येतात. दुसरी वायर ईसीयूत जाते आणि ईसीयू तिला सेकंदाला शेकडो वेळा अर्थ देतो-सोडतो. सोडल्यावर त्या पिनवर कॉइलमधून बॅटरीचा व्होल्टेज यायला हवा, अर्थ दिल्यावर तो जवळपास शून्यावर यायला हवा. तसं झालं नाही की कोड पडतो, सोलेनॉइड व्हेन्स हलवणाऱ्या ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम देत नाही, व्हेन्स उघड्या राहतात, बूस्ट जातो आणि ईसीयू डिझेलही कमी करतो. की बंद करेपर्यंत वायर पुन्हा चिकटलेली असते, म्हणून गाडी 'बरी' होते. टर्बो खरंच मेला असता तर की फिरवून बरा झाला नसता.

सगळ्यात आधी कोड क्लिअर न करता फ्रीज फ्रेम वाचा. कोड पडला त्या क्षणीचा लोड, आरपीएम आणि कूलंटचं तापमान तिथे असतं. इंजिन तापलेलं आणि लोड जास्त असेल, तर दोन संशयित समोर येतात: तापल्यावर तुटणारी कॉइल, किंवा लोडखाली इंजिन माउंटिंगवर झुकतं तेव्हा ताणली जाणारी वायर. शिवाय बऱ्याच गाड्यांत हाच फ्यूज ईजीआरसारख्या (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) इतर गोष्टींनाही सप्लाय देतो. तुमच्याकडे कोड एकटाच आलाय, म्हणजे फ्यूज-रिलेपेक्षा दोष पुढच्या फांदीत असण्याची शक्यता जास्त.

आता मीटर. कपलर काढून सोलेनॉइडचा रेझिस्टन्स थंड असताना आणि घाट चढून आल्यावर लगेच, असा दोनदा मोजा. बहुतेक सोलेनॉइड १० ते ३० ओहममध्ये बसतात, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. थंड असताना १५ असेल तर गरम झाल्यावर १८-१९ होणारच, तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो. पण गरम असताना मीटर ओपन दाखवत असेल तर कॉइल आतून तुटते आहे. सोलेनॉइड बदला, काम झालं.

कॉइल चांगली निघाली तर वायर, आणि इथेच लोक फसतात. गाडी उभी, थंड, हार्नेस (वायरींचा जुडगा) स्थिर. अशा वेळी कंटिन्युइटीचा बीप वाजतो आणि 'वायरिंग ओके' असा शेरा मिळतो. त्या बीपला मिलिअँपिअरमध्ये करंट लागतो, तुमची १५ ओहमची कॉइल मात्र सुमारे ०.८ अँपिअर घेते. म्हणून वायरीला खरा लोड द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचा आणि सोलेनॉइडचा असे दोन्ही कपलर काढा. मग बॅटरीवरून वेगळा सप्लाय घेऊन, मध्ये छोटा फ्यूज टाकून, त्या वायरीतून १२ व्होल्टचा १० वॅटचा बल्ब पेटवा. तोही साधारण तेवढाच करंट घेतो. वायरीच्या दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप ०.२ व्होल्टच्या वर जाता कामा नये. बल्ब पेटता ठेवून हार्नेस वीत-वीतभर हलवत जा. मीटरचा आकडा बदलेपर्यंत वायर परत चिकटलेली असते, बल्बची लुकलुक मात्र दिसते. ईसीयूच्या पिनांत जाड प्रोब खुपसू देऊ नका, पिना रुंदावल्या की नवाच लूज कॉन्टॅक्ट तयार होतो.

माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. वरून टेप आणि नळी दोन्ही शाबूत. ब्रॅकेटच्या वळणावर वायर दोन्ही हातांनी हलकी ओढली, तर एकाच जागी इन्सुलेशन रबरासारखं लांबलं. आत तांबं नव्हतंच. कापल्यावर हिरवट-काळी भुकटी बोटाला लागली. तुमच्याकडेही बॅटरी ट्रे, गिअरबॉक्सजवळचे ब्रॅकेट आणि टाय लावलेल्या जागा नीट बघा. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर येत असतील तर फायरवॉलकडची बाजूही. कपलरचं रबर सील जागेवर आहे का, पिनांवर हिरवा थर आहे का, तेही पाहा.

गॅरेजवाल्याचं समाधान करायचं असेल तर इंजिन थंड असताना हातपंपाने ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम द्या. रॉड न अडखळता सरकला, धरून राहिला आणि सोडल्यावर परत आला, तर ॲक्च्युएटर आणि व्हेन्सची हालचाल ठीक आहे. ईसीयूवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, सप्लाय, कॉइल आणि वायर तिन्ही चोख ठरल्यावरच.

वायर सापडली तर नुसती पिळून टेप गुंडाळू नका. काळं पडलेलं तांबं पूर्ण कापून त्याच जाडीचा नवा तुकडा जोडा, आत गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि इंजिन हलेल एवढा ढील ठेवा. मग कोड क्लिअर करून डोंगल (मोबाइलवर आकडे दाखवणारा छोटा स्कॅनर) लावून तोच घाट चढा. निघण्याआधी की ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बघा. पुण्यात ९५ किलोपास्कलच्या आसपास हवा. १०५ किंवा ८० दाखवत असेल तर आधी सेन्सरकडे वळा. चढावर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट बरोबरीने चढत-उतरत असतील, तर टर्बोवर एक रुपयाही घालवायची गरज नाही.