दवाखान्यांच्या तक्त्यापलीकडे

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. वसाहतकाळात इंदुरातल्या सार्वजनिक आरोग्यसेवा कशा वाढल्या, हा विषय चांगला आहे आणि मेहनतही दिसते. पण पहिलं प्रकरण म्हणजे नुसता तक्ता झालाय. कुठला दवाखाना कधी निघाला, इमारत कोणी बांधून दिली, डॉक्टर कोण होते. तो सगळा ऐवज परिशिष्टात टाक. दवाखाना निघाला म्हणून आरोग्य लोकांपर्यंत पोचलं असं होत नाही. तो कोणासाठी निघाला आणि त्याची पायरी चढायला कोण धजलं, हे तू विचारलेलंच नाहीस.

सुरुवात हद्दीपासून कर. राजवाडा, जुनी इंदूर, मल्हारगंज इथे होळकर दरबाराचा अंमल, आणि पलीकडे रेसिडेन्सीत, म्हणजे इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीच्या वसाहतीत, इंग्रजांचा. १८७८ मध्ये इथे वैद्यकीय शाळा सुरू झाली ती रेसिडेन्सीच्या छायेत. पुढे तिला किंग एडवर्डचं नाव मिळालं. म्हणजे डॉक्टर घडवणारी संस्था एका अमलाखाली आणि दाट वस्ती दुसऱ्या. मधे भिंत नव्हती. मल्हारगंजात उंदीर मरून पडायला लागले, म्हणजे प्लेगची चाहूल लागली, तर रेसिडेन्सीच्या डॉक्टरला ते केव्हा कळायचं, कोणाकडून कळायचं? एवढ्या एका प्रश्नावर तुझं अख्खं प्रकरण उभं राहील. रेसिडेन्सीची बाजू दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, सेंट्रल इंडिया एजन्सीच्या, म्हणजे मध्य भारतातल्या संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रजी कचेरीच्या, दप्तरात सापडेल. दरबाराची बाजू संस्थानच्या वार्षिक कारभार अहवालांत आहे. एकाच हंगामाचे दोन्हीकडचे कागद शेजारी-शेजारी मांडून वाच. एक बाजू वाचून मत बनवू नकोस. इंग्रजी कागद जास्त नीटनेटके असतात, म्हणून ते जास्त खरे ठरत नाहीत.

प्लेगवर तू दोन परिच्छेदांत उरकलंस, ते मला अजिबात पटलं नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले, बायकांच्या अब्रूचा प्रश्न झाला आणि २२ जूनच्या रात्री प्लेगचा बंदोबस्त बघणाऱ्या रँड या अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली. हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्यामागची दुसरी गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. तेव्हा रोग पसरतो कसा हेच सरकारला धड माहीत नव्हतं. माणसं बाहेर काढायची, सामान जाळायचं, भिंतींवर औषध मारायचं, असं सगळं चाललं होतं आणि उंदराची पिसू मोकळी होती. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये पिसवांकडे बोट दाखवलं, त्याला कोणी फारशी दाद दिली नाही. प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांतून ते पक्कं व्हायला पुढची आठ-दहा वर्षं गेली. म्हणजे लोकांनी विरोध केला तो नुसता अडाणीपणानं नव्हे. उपायच बराचसा चुकीच्या जागी चालला होता.

आता हे डोक्यात ठेवून इंदुरात ये. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश माणूस, मूळचा जीवशास्त्रज्ञ, नंतर नगररचनाकार. तुकोजीराव तिसऱ्यांच्या दरबारासाठी त्यानं शहराचा आराखडा केला. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. त्याआधीच्या दिवाळीत त्यानं जी मिरवणूक काढली, ती तू तळटीपेत ढकललीस! अगं, तीच तर गोष्ट आहे. मिरवणुकीचा ठरलेला मार्ग त्यानं बाजूला ठेवला आणि जाहीर केलं की ज्या रस्त्यांवर घरं-अंगणं सर्वांत स्वच्छ असतील तिथून ती जाईल. झालं, आळीआळीत झाडलोट सुरू झाली. कोणी शिपाई दारात उभा करावा लागला नाही. मिरवणुकीत घाणीचा राक्षस, प्लेगचा भलामोठा उंदीर, आणि मागून पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत झाडूवाले, त्यांच्या झाडूंना फुलांच्या माळा. लक्ष्मीचा रथ होता. तुळशीची रोपं वाटली. शेवटी राक्षसाचं दहन, रावणासारखं. शास्त्राला नुकतं समजलेलं उंदराचं गुपित त्यानं लोकांच्याच सणाच्या भाषेत रस्त्यावर आणलं. मुंबई-पुण्याच्या बळजबरीशेजारी हे ठेवून बघ.

पण भारावून जाऊ नकोस. हे वर्णन मुख्यतः गेडिसच्याच बाजूनं आपल्यापर्यंत आलंय, आणि गडी स्वतःची गोष्ट रंगवून सांगण्यात पटाईत होता. मिरवणुकीमुळे प्लेग हटला असं तर मुळीच लिहू नकोस. आपल्याकडे उन्हं तापली की प्लेग तसाही उतरायचा. आणि त्या झाडूवाल्यांचं दुसऱ्या दिवशी काय झालं? फुलांची माळ उतरल्यावर मैल्याची टोपली डोक्यावर होतीच. पगार वाढला का, घरं मिळाली का, हे संस्थानच्या अंदाजपत्रकांत शोध. सापडलं नाही तर सापडलं नाही असं लिही, पण विचार.

गटारांचा वाद मी स्वतः तुझ्या जागी असते तर सर्वांत आधी घेतला असता. इंजिनिअरांना जमिनीखालची खर्चिक गटारं हवी होती. गेडिसचं म्हणणं, मैला नदीत कशाला, मातीत घाला, बागा करा. पुढे १९२४ मध्ये याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाची वनस्पती उद्योग संस्था निघाली आणि इथल्याच शेणकचऱ्यातून तयार झालेली कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर गेली. आज तिथं कृषी महाविद्यालय आहे. दोघांचा थेट संबंध होता असं सिद्ध करायला जाऊ नकोस, पण एकाच शहरात तोच विचार दोनदा यावा, हे नोंदवण्यासारखं आहे. शहरातून वाहणाऱ्या खान नदीच्या काठानं नाक दाबून जाताना गेडिस हरला की जिंकला, तूच ठरव.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला हात घालण्याआधी मृत्यूच्या नोंदी कोण करायचं, ते बघ. तेव्हाच्या नोंदींत 'ताप' या रकान्यात काहीही बसायचं. ते कळेपर्यंत आकडे छापू नकोस.

आणि १९४७ पर्यंत जायचा हट्ट सोड. १८९६ ते १९३१ पुरे, हॉवर्ड इथून गेला तिथवर. तुझ्या सरांना हे पटणार नाही. त्यांना माझं नाव सांग, मी फोनवर बोलेन. हद्दीचं प्रकरण दिवाळीच्या आत पाठव, बाकीचं मागाहून.

तुझी,
बाई