कैरोला चाललात? टॅक्सीत पुढे बसा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. कंपनी कैरोला पाठवतेय, घर मादीसारख्या सुखवस्तू भागात मिळणार, तर तिथल्या साध्या माणसांचं रोजचं जगणं कळणार कसं. आणि टॅक्सीवाले परदेशी माणसाला लुबाडतात हे खरं का. दोन्हींचं उत्तर टॅक्सीतच मिळेल. मादी किंवा तशाच झमालेक भागात राहिलं की भेटतो तो ऑफिसातला, इंग्रजी बोलणारा इजिप्शियन. बाकीचं शहर तुमच्याशी बोलतं ते गाडी चालवता चालवता.

एकटा पुरुष असेल तर पुढे, चालकाशेजारी बसतो. मागे बसलात तर उगाच साहेबी वाटते. बाई एकटी असेल तर मागे. हाक मारायची 'या उस्ता', म्हणजे 'अहो उस्ताद'. भारतीय म्हटलं की बच्चनचं नाव निघतंच. वयस्कर चालकांनी त्याचे जुने सिनेमे आपल्याइतक्याच भक्तीने पाहिलेत. मग लग्न झालंय का, मुलं किती. यात भोचकपणा नाही, इथे ओळखच अशी होते. पगार विचारला तर 'अल्हम्दुलिल्ला', म्हणजे देवाची कृपा, म्हणून हसायचं. तेवढं पुरतं.

मग तो स्वतःचं सांगू लागतो आणि फिरून फिरून येतो पौंडावर, म्हणजे इजिप्तच्या चलनावर. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला १६ च्या आत-बाहेर पौंड पडत. ६ मार्च २०२४ ला सरकारने दर सोडून दिला आणि ३१ चा भाव एका दिवसात ५० च्या आसपास गेला. तुम्ही हे आकडे बातमीत वाचले असतील. टॅक्सीत ते वेगळे ऐकू येतात: टायर, बॅटरी, क्लच सगळं बाहेरून येणारं, म्हणून महागलेलं; मग गाडी दुरुस्तीला टाकायची की मुलाची शिकवणी भरायची. रेशनची रोटी तीन दशकांहून अधिक काळ ५ पियास्टरला होती (शंभर पियास्टरचा एक पौंड), जून २०२४ मध्ये ती २० ची झाली. रक्कम आपल्याला किरकोळ वाटते. माणशी रोज पाच रोट्या घेणाऱ्या घरात तिच्यावर महिनाभर चर्चा होते.

सगळ्यात जास्त ऐकाल ते लग्नाबद्दल. इथे ओझं मुलाकडे जास्त: राहायला फ्लॅट हवा, मुलीला सोनं द्यायचं, त्याला 'शबका' म्हणतात. घरातलं सामान दोन्हीकडून येतं. त्याची यादी करून नवऱ्यामुलाची सही घेतात, उद्या मोडलं तर ते सामान तिचं. सोनं महागलं की साखरपुडा झालेली पोरं वर्षानुवर्षं ताटकळतात. मग दुसरी पाळी, दुसरी नोकरी. सकाळी सरकारी कचेरीत कारकून आणि दुपारनंतर टॅक्सी, हे इतकं सर्रास आहे की त्यात त्याला सांगण्यासारखं काही वाटत नाही. गाडी बहुधा मालकाची. रोजचं ठरलेलं भाडं त्याला दिल्यावर उरेल ते आपलं. अडीनडीला बँकेत कोणी जात नाही, 'गमइय्या' असते. म्हणजे आपली भिशीच, नंबर कधी लागणार याच्या भांडणासकट.

पदवीधर चालक भेटतील, वाणिज्य किंवा कायदा शिकलेले. तरीही मुलाच्या 'सनाविया आम्मा'साठी, म्हणजे तिथल्या बारावीसाठी, शिकवण्यांवर पैसा ओततात. पदवीने आपलं काही झालं नाही हे माहीत असून तीच पदवी पोराला मिळावी म्हणून धडपडायचं. मला यात वेडेपणा दिसत नाही. दुसरं दार होतं ते आखाताचं. पन्नाशी-साठीच्या चालकाला विचारा, रियाध किंवा कुवेतचं नाव निघेल, थोडा जुना असेल तर ऐंशीच्या दशकातल्या इराकचं, आणि २०११ मध्ये तिथलं युद्ध पेटल्यावर लिबियातून जीव मुठीत घेऊन परतलेलेही आहेत.

आता लुबाडण्याचं. पांढऱ्या मीटरवाल्या टॅक्सी २००९ पासून आल्या, जुन्या काळ्या-पांढऱ्या खटाऱ्यांच्या जागी. मीटरचे दर पेट्रोलमागे धावून दमतात, त्यामुळे मीटर 'बिघडलेलं' असतं. बसण्याआधी भाव ठरवा. उबर आहे, पण चालक फोन करून विचारतो, कुठे जायचंय, रोख देणार का. उत्तर नाही आवडलं तर फेरी रद्द. चालक सांगतो त्या गोष्टींचंही तसंच. भाडं ठरण्याआधी सांगितलेलं आईचं ऑपरेशन आणि भाडं ठरल्यावर, वाहतुकीत अडकलेलं असताना निघालेलं आईचं ऑपरेशन, या दोन वेगळ्या गोष्टी समजा. पहिली खोटीच असते असं नाही, पण ती भावाचा भाग असते. उतरताना कुणी 'खल्ली', म्हणजे 'राहू द्या', म्हणत पैसे नाकारले तर ती रीत आहे. दोनदा आग्रह करून द्याच.

राजकारण आपणहून काढू नका. २०११ मध्ये तहरीर चौकातल्या उठावानंतर लोक टॅक्सीत मोकळेपणी बोलत. २०१३ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर तो मोकळेपणा गेला. आता साखर, वीज, रस्ते यांबद्दल तक्रार होते, नाव कुणाचं घेतलं जात नाही. आरशाला लटकलेली जपमाळ किंवा क्रॉस, मनगटावर गोंदलेला छोटा क्रॉस, यावरून माणूस मुसलमान की कॉप्टिक, म्हणजे तिथला ख्रिश्चन, ते कळतं. त्यावरही प्रश्न नको.

एक मात्र ध्यानात असू द्या: हे सगळं पुरुषांचं कैरो आहे. चालक बायका अगदी थोड्या. गमइय्या चालवणारी, रोट्यांच्या रांगेत उभी राहणारी, शबक्याचा भाव करणारी बाई तुम्हाला तिच्या नवऱ्याच्या तोंडून भेटणार. तुमची पत्नी थोडी अरबी शिकली तर शेजारणींकडून तिला जे कळेल ते तुम्हाला कधी कळणार नाही.

मादीला लागूनच दार-अस्सलाम आहे, दाट वस्तीचं. तिथल्या गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही, टुकटुक, म्हणजे आपली रिक्षा, शिरते, आणि ती बहुतेक बजाजची. आकुर्डीवाल्यांचं नाव तिथल्या पोरांना पाठ. २०२१ च्या नोव्हेंबरात सरकारने तिच्या मुख्य भागांची आयात थांबवली, तरी त्या धावताहेत. हाकणारी पोरं कधीकधी शाळेच्या वयाची असतात.

रमजानात मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताला उपास सुटण्याच्या, आधीचा अर्धा तास टॅक्सी शोधू नका. मिळाली तर चालक घरी पोचायच्या घाईत विमान हाकतो. अडकलातच रस्त्यात, तर सिग्नलला कुणीतरी खिडकीतून खजूर आणि सरबत देईल, ते घ्या. आणि ५, १०, २० पौंडांच्या नोटा खिशात ठेवा, सुटे कुणाकडेच नसतात.