पसरणी घाटाचा हिशोब पेनाइन्सला लावू नकोस

प्रिय दोस्त,
सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा वाचला. मे महिन्यात इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हाइटहेवनहून सायकलने निघायचं, रोज 75 किलोमीटर मारायचे, तिसऱ्या संध्याकाळी पूर्व किनाऱ्यावरचं टाइनमाउथ. शिवाय खाली तुझा प्रश्न: वाईहून पाचगणीला न थांबता चढता येतं, तर सहाशे मीटरच्या टेकडीचं काय घेऊन बसायचं? उंचीपुरतं तुझं बरोबर आहे. या सी-टू-सी, म्हणजे समुद्र ते समुद्र, सायकलमार्गावरची सगळ्यात उंच जागा म्हणजे नेंटहेडच्या पुढचा ब्लॅक हिल, 609 मीटर. महाबळेश्वरच्या निम्माही नाही. पण पेनाइन्ससारख्या उत्तर इंग्लंडच्या डोंगररांगेत उंची विचारायचीच नसते. चढ किती उभा आहे आणि दिवसात किती वेळा येतो, एवढंच विचारायचं.

पसरणी घाट कोणीतरी आखलेला आहे. वळणं घेत घेत चढ एकसारखा ठेवला आहे, त्यामुळे एकदा लय सापडली की माणूस वर पोचतो. उत्तर इंग्लंडच्या आडवाटा अशा आखलेल्या नाहीत. माणसं आणि सामानाची घोडी जिथून सरळ वर जात, त्याच वाटेवर पुढे डांबर पडलं. म्हणून तिथे 15 टक्के चढ (शंभर मीटर पुढे, पंधरा मीटर वर) ही नवलाची गोष्ट नाही, 20 टक्केही भेटतो. आणि चढून कमावलेली उंची पुढच्याच ओढ्यापाशी खर्च होते.

नकाशा पाहताना ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा वापर. रस्त्यावर एक बाण असेल तर चढ 14 ते 20 टक्के, दोन बाण असतील तर 20 च्या वर. बाणाचं टोक उताराकडे असतं, हे विसरलास तर दिवसभराचा अंदाज उलटा होईल. फोनवरच्या चढ-उताराच्या आलेखावर भिस्त ठेवू नकोस. तो सरासरी काढतो, आणि दोनशे मीटरची 20 टक्क्यांची भिंत त्या सरासरीत गायब होते. जुन्या पाट्यांवर प्रमाण लिहिलेलं दिसेल: चारास एक म्हणजे 25 टक्के.

आता गिअर. तुझ्या सायकलला पुढे लहान चकती 34 दात्यांची, मागे सर्वांत मोठी 28 ची. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 2.6 मीटर पुढे जाते. तू 68 किलो, सायकल 13, सामान 14, मिळून 95 धर. 15 टक्के चढावर मिनिटाला 60 फेरे मारायचे तर नुसत्या चढासाठी 360 वॅट लागतात. धडधाकट हौशी माणूस तासभर 150 ते 200 वॅट देतो. मग फेरे 30 वर येतात, गुडघ्यावर जोर पडतो, आणि दुखणं नेमकं तिसऱ्या दिवशी उपटतं. तेच पुढे 26 आणि मागे 36 दाते असतील तर फेरा 1.56 मीटरचा होतो आणि लागतात साधारण 215 वॅट. कष्ट आहेतच, पण जमण्यातले. 20 टक्क्यांवर हाही गिअर पुरत नाही. तिथे उतरून ढकल. मात्र दम पूर्ण जाण्याआधी उतर. उभ्या चढावर सायकल थांबत आली की तोल जातो, आणि पायडलला अडकणारे क्लिपचे बूट असतील तर पाय वेळेवर सुटत नाही.

फक्त कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून काम संपत नाही. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) किती दात्यांपर्यंत चालतो ते आधी बघ. चेन धरणारा लोंबता भाग, म्हणजे पिंजरा, आखूड असलेल्या जुन्या रोड डिरेलरला 28 च्या पुढे सहसा झेपत नाही. मोठी कॅसेट लावलीस की चेनही नवी, लांब हवी. माप असं: चेन डिरेलरमधून न घेता पुढच्या मोठ्या चकतीवरून आणि मागच्या मोठ्या चकतीवरून फिरव, टोकं जिथे जुळतील त्यात दोन कड्या वाढव. आखूड चेन ठेवलीस तर घाईत कधीतरी पुढे-मागे दोन्हीकडे मोठी चकती अशी जोडी पडणारच, आणि डिरेलर हँगरसकट उखडून येईल. तो हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, खेड्यात मिळत नाही. एक जादा बरोबर ठेव.

सामान 18 किलो लिहिलं आहेस. 14 च्या वर जाऊ नकोस. मुक्काम वसतिगृहांत आहे, मग तंबू कशाला? सगळं वजन मागच्या पॅनिअरमध्ये (कॅरिअरच्या दोन बाजूंच्या पिशव्यांत) कोंबलंस तर उभ्या चढावर पुढचं चाक उचलतं आणि हँडल भरकटतं. कुलूप, हत्यारं, खाऊ हँडलच्या पिशवीत टाक. कॅरिअरचे स्क्रू पहिल्या दिवसाच्या थरथरीने सैल होतात, दुसऱ्या सकाळी आवळ. मागच्या चाकाचे आरे तुटतात ते बहुधा चेनच्या बाजूचे, कारण तिथे ताण जास्त असतो. त्या मापाचे दोन आरे फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ने. टायर 35 मिलिमीटरचे, मागे 55 ते 60 पीएसआय, पुढे दहाने कमी.

दिवसांचा हिशोब मी असा करतो: सपाटीला ताशी 15 किलोमीटर, आणि दर 100 मीटर चढाला वेगळी 10 मिनिटं. 95 किलो वजन 150 वॅटवर तेवढ्याच वेळात 100 मीटर वर जातं, यात अंदाज कमी आणि भागाकार जास्त आहे. या हिशोबाने तुझे तीन दिवस पाच होतात. केझिक, पेनरिथ, ऑल्स्टन, स्टॅनहोप, समुद्र. एकूण अंतर जेमतेम 225 किलोमीटर आहे म्हणून हसू नकोस.

सुरुवात फसवी आहे. व्हाइटहेवनहून रोव्राहपर्यंत जुन्या रेल्वेची वाट, हळूच चढणारी. मग लॉर्टनकडून व्हिनलॅटर खिंड, 318 मीटर. केझिक ते थ्रेलकेल्ड ही रेल्वेवाट 2015 च्या डिसेंबरातल्या पुरात तुटली होती, 2020 च्या अखेरीस पुन्हा खुली झाली, सुरेख आहे. त्यापुढे ‘ओल्ड कोच रोड’ नावाचा फाटा खुणावेल. तो दगडगोट्यांचा आहे, भरलेल्या सायकलीने जाऊ नकोस.

हार्टसाइड, 580 मीटर, याला सगळे घाबरतात. खरं तर मेल्मरबीकडून येणारा मोठा रस्ता आठ किलोमीटर, सरासरी पाच टक्के, वळणावळणांचा. आपल्या घाटाच्या सगळ्यात जवळचा तोच. तिथे भीती चढाची नाही, वाऱ्याची आहे. मार्ग पश्चिमेकडून पूर्वेला करतात तो वारा पाठीशी असावा म्हणून. पण जवळच्या क्रॉस फेल डोंगराच्या कड्यावरून कधी कधी उलटा, ईशान्येचा ‘हेल्म’ वारा कोसळतो, विशेषतः हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात. कड्यावर ढगाची लांब पट्टी बसलेली दिसली आणि खाली वारा सुटला असेल, तर एक दिवस पेनरिथला थांब. माथ्यावरचा कॅफे 2018 मध्ये जळाला, तेव्हा वर गरम चहा मिळेल असं धरून चालू नकोस. चढताना जाकीट काढून ठेव आणि माथ्यावर थांबताक्षणी घाल. घामेजलेला बनियन उतारावर पाच मिनिटांत हाडं गोठवतो.

खरी परीक्षा त्याच्या पुढे. नेंटहेड ते ब्लॅक हिल छोटा पण उभा, आणि स्टॅनहोपहून निघताना क्रॉलीसाइडचा चढ: मुक्कामाच्या दारातच सुरू होतो, पाय गरम व्हायच्या आत. त्या दिवशी नाश्त्यानंतर दहा मिनिटं गावात सपाटीवर फिर आणि मग वळ.

उतारांबद्दल. ब्रेक सतत दाबून धरू नकोस, तापतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, मग सोड, पुन्हा जोरात. रिम ब्रेक असतील तर पावसात पहिलं सेकंदभर काहीच होत नाही, पाणी पुसलं गेल्यावर पकड येते. तेवढं अंतर आधीच धर. डिस्क ब्रेकच्या पॅडवरचा घासणारा थर एक मिलिमीटरच्या खाली आला की बदल. पेनाइन्सची ओली कच पॅड झपाट्याने खाते, म्हणून एक जोडी बरोबर हवीच. रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्यांची कॅटल ग्रिड येईल: काटकोनात, हँडल सरळ, ब्रेक न लावता. माळरानावर कुंपण नसतं आणि मे महिन्यात कोकरं असतात. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं, तर ते तुझ्या चाकासमोरूनच आईकडे धावणार हे धरून चाल. गडग्यांमधल्या अरुंद वाटेवरही मोटारींना ताशी 60 मैलांची मुभा असते. डावीकडून चालायची सवय आहेच, पण आंधळ्या वळणावर कडेला चिकटू नकोस, जरा आत राहा म्हणजे लांबून दिसशील.

नकाशावर ‘फुटपाथ’ लिहिलेल्या पाऊलवाटेवर सायकलचा हक्क नाही. ‘ब्रिडलवे’वर, म्हणजे घोडेस्वारांच्या वाटेवर, आहे, 1968 च्या कायद्याने, पण चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची.

जेवणाचं वेळापत्रक कडक ठेव. पबचं स्वयंपाकघर बहुधा दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं, सहाला उघडतं. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात. हार्टसाइडच्या आदल्या दिवशीच पेनरिथला दोन दिवसांचा सुका खाऊ घे. पाणी पबमध्ये भरून माग. ओढ्याचं पिऊ नकोस, वर मेंढरं असतात.

शेवटचा दिवस बक्षीस आहे. क्रॉलीसाइड संपल्यावर वास्करलीची जुनी रेल्वेवाट लागते, मग बराचसा उतारच. वाटेवर मोटरसायकली अडवायला अरुंद फाटकं आहेत. पॅनिअर अडकले तर ढकलू नकोस, हूक वाकतात. एक बाजू काढून पलीकडे ठेव. प्रथेप्रमाणे सुरुवातीला मागचं चाक आयरिश समुद्रात आणि शेवटी पुढचं चाक उत्तर समुद्रात बुडव, पण फक्त टायर. खारं पाणी चेनला आणि हबला लागू देऊ नकोस.

परतीच्या रेल्वेत सायकलची जागा आधी आरक्षित कर. काही गाड्यांत दोनच सायकली मावतात. आणि कॅसेट मागवण्याआधी मागच्या डिरेलरच्या आतल्या बाजूला कोरलेला क्रमांक मला लिहून पाठव.

तुझा,
एक जुना सायकलवाला