लाइन लागली, पण उचलल्याचा निरोप कुठे अडला? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमचं केळीचं काम, ऑफिस रावेरला. जुनी लँडलाइन गेटवेला, म्हणजे जुनी लाइन आणि इंटरनेटचे फोन जोडणाऱ्या डब्याला, जोडून ऑफिसातल्या आयपी (इंटरनेटच्या जाळ्यावरच्या) फोनवर घेतली. आता दिल्लीच्या व्यापाऱ्याने फोन उचलला नाही तरी आमच्या नोंदीत चाळीस-पन्नास सेकंद बोलणं झाल्याचं दिसतं. शिवाय समोरच्याने ठेवला तरी लाइन अडकून राहते. गेटवे बदलू का?

उत्तर : थांबा, पैसे घालवू नका. तुमच्या तांब्याच्या जोडीवरून ‘समोरच्याने उचलला’ हा निरोप येतच नसावा. माणसाला तो लागत नाही, ‘हॅलो’ कानावर पडलं की आपल्याला कळतं. गेटवेला कान असले तरी अक्कल नाही. आयपीच्या बाजूला मात्र ‘उचलला’ असा स्पष्ट निरोप द्यावाच लागतो, त्याशिवाय कॉल पुरा होत नाही. मग गेटवे काय करतो? नंबर फिरवून झाला की स्वतःच ‘उचलला’ असं ठोकून देतो. तुमचे चाळीस सेकंद म्हणजे नुसती रिंग.

उपाय जुनाच आहे. समोरच्याने उचलल्यावर एक्स्चेंज तुमच्या तारेवरचे अधिक-उणे उलटे करू शकतं. त्याला पोलॅरिटी रिव्हर्सल म्हणतात. ही सोय मागितल्याशिवाय सहसा चालू नसते, म्हणून एक्स्चेंजला अर्ज द्या आणि गेटवेतही तीच खूण ओळखायची सेटिंग चालू करा. दोन्हीपैकी एकच केलंत तर काही उपयोग नाही.

लाइन अडकते त्याचं कारण वेगळं. समोरच्याने ठेवल्यावर आपल्याकडे एंगेज टोन येतो : ४०० हर्ट्‌झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. बाहेरून आलेल्या गेटवेत बऱ्याचदा अमेरिकेचा टोन भरलेला असतो. तो ४८० आणि ६२० हर्ट्‌झ मिळून, अर्धा-अर्धा सेकंद. आपला टोन त्याला टोन वाटतच नाही, म्हणून तो लाइन धरून बसतो. टोनच्या सेटिंगमध्ये देश ‘भारत’ निवडा.

यावरून एक आठवलं. एसटीडी बूथच्या दिवसांत एका गावात बूथवाल्याची लाइन दुरुस्तीनंतर एक्स्चेंजमधल्या अशा पोर्टवर गेली, जिथे रिव्हर्सल दिलेलं नव्हतं. दिवसभर गिऱ्हाईकं मुंबई-सुरतेशी बोलली, पण रिव्हर्सल दिसल्यावरच बिल मोजणाऱ्या त्याच्या डब्यावर आकडा शून्य. एक्स्चेंजमधलं मीटर मात्र इमानदारीत फिरत होतं. बिल आल्यावर त्याने आम्हाला अहिराणीत जे ऐकवलं, ते इथे छापण्यासारखं नाही.

प्रश्न : मी जळगावला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. पुस्तकात आर-टू आणि एसएस-सेव्हन अशा दोन सिग्नलिंग पद्धती, म्हणजे एक्स्चेंजनी एकमेकांना कॉलचे निरोप द्यायच्या रीती, आहेत. दोन्ही नंबरच पाठवतात, तर त्या जोडायला एवढा खटाटोप का?

उत्तर : दोन्ही नंबर पाठवतात हे खरं, पण बोलायची रीत पार वेगळी.

आर-टूमध्ये एक्स्चेंज एकमेकांशी सुरांत बोलतात, तेही ज्या सर्किटवरून पुढे माणसं बोलणार त्याच सर्किटवर. जाणारे सूर सहा, १३८० ते १९८० हर्ट्‌झ. येणारे सहा, ५४० ते ११४०. सहातले दोन एका वेळी, म्हणजे पंधरा खुणा. आता गंमत पाहा : इकडचा आकडा सांगतो आणि सूर धरून ठेवतो. तिकडचा ‘मिळाला, पुढचा दे’ असा सूर लावतो, तेव्हा इकडचा सोडतो. मग तिकडचा सोडतो. मग पुढचा आकडा. सावकाराकडे पैसे मोजून द्यावेत तसं, एकेक नोट त्याच्या हातात. फोन करणाऱ्याचा नंबरसुद्धा पलीकडच्याने मागितला तरच जातो.

एसएस-सेव्हनमध्ये बोलण्याचे रस्ते वेगळे आणि निरोपाचा रस्ता वेगळा. निरोपासाठी साधारण सेकंदाला ६४ किलोबिटची स्वतंत्र वाहिनी, आणि शेकडो सर्किटांचा कारभार त्या एका वाहिनीवर. पहिल्याच निरोपात कुणाला करायचा, कोण करतोय, कोणतं सर्किट धरायचं, सगळं एका पाकिटात.

एका बाजूला आर-टू, दुसऱ्या बाजूला एसएस-सेव्हन, अशा मधल्या एक्स्चेंजने आता काय करायचं? आर-टूकडून एकेक आकडा मागत बसायचं आणि पाकीट बंद केव्हा करायचं ते ठरवायचं. नंबर किती आकडी आहे हे माहीत असेल तर ठीक. जळगावचा कोड ०२५७, भुसावळचा ०२५८२, म्हणजे स्थानिक नंबर पुढे सात आकडी की सहा आकडी हे टेबलात लिहून ठेवावं लागतं. लिहिलं नाही तर बिचारं ‘अजून एखादा येतोय का’ म्हणून काही सेकंद वाट पाहतं. नंबर दाबल्यावर रिंग सुरू व्हायच्या आधी ती जी शांतता जाणवते, तिच्यात या वाट पाहण्याचा मोठा हात असतो.

उलट दिशेला तर आणखी पंचाईत. एसएस-सेव्हनमध्ये कॉल का तुटला याची कारणं आकड्यांनी सांगतात : १७ म्हणजे बिझी, १ म्हणजे असा नंबरच नाही, ३४ म्हणजे सर्किट रिकामं नाही. दोन एक्स्चेंजमधल्या जुन्या पल्सवाल्या (तबकडीसारखी लाइन तोडून आकडे सांगणाऱ्या) जंक्शन लाइनवर परत सांगायला एकच गोष्ट, एंगेज टोन. तीन कारणं एका टोनमध्ये कोंबली की पलीकडे ती वेगळी काढता येत नाहीत. परीक्षेत ‘सिग्नलिंग इंटरवर्किंग’वर, म्हणजे अशा दोन पद्धती जोडण्यावर, प्रश्न आला तर याच मुद्द्यावर दोन पानं लिही, आकृत्या कमी काढल्यास तरी चालेल.

प्रश्न : शिरपूरला आजोबांचा काळा, बोटाने फिरवायचा फोन आहे. फायबरच्या डब्याला जोडला. रिंग वाजते, बोलताही येतं, पण नंबर लागत नाही.

उत्तर : तबकडी फिरवून सोडली की ती लाइन तेवढ्या वेळा तोडते, सेकंदाला साधारण दहा वेळा. शून्यासाठी दहा. बऱ्याच नव्या डब्यांना ही भाषा शिकवलेलीच नसते, त्यांना बटणांचे दुहेरी सूर हवेत. पल्स ओळखायची सेटिंग डब्यात असेल तर चालू करून बघा, नाहीतर पल्सचा टोन करणारी छोटी पट्टी मधे बसवा. फोन फेकू नका.

प्रश्न : धुळ्याला आमच्या ऑफिसात सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी फोनची लाइन, घेतला. बँकेला फोन करून ‘मराठीसाठी एक दाबा’ आलं की एक दाबतो, पण कधी ऐकूच जात नाही, कधी दोनदा जातो.

उत्तर : बटणाचा सूर आवाजातूनच जात असेल आणि आवाज जी-७२९ सारख्या पद्धतीने सेकंदाला आठ किलोबिटमध्ये दाबलेला असेल, तर सूर विस्कटतो. ती पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली आहे. आकडे आवाजापासून वेगळे काढून पाठवायची सेटिंग असते. तिथे ‘आरएफसी २८३३’ किंवा ‘४७३३’ नावाचा पर्याय निवडा आणि ट्रंक देणाऱ्या कंपनीलाही तेच निवडायला सांगा. आकडा दोनदा जातो याचा अर्थ तो वेगळा काढला, पण आवाजातला सूर पुसायचा राहिला.

प्रश्न : भुसावळला रेल्वेत होतो. आमच्या स्टेशनवर हँडल फिरवायचा फोन होता. तो शहरातल्या डायलच्या फोनला कसा लागायचा?

उत्तर : ऑपरेटर बाईंमुळे! तुम्ही हँडल फिरवलं की बोर्डावरचं शटर पडायचं. ऑपरेटर दोरी खोचून विचारायची, कुठे लावू? तुम्ही तोंडी नंबर सांगायचा, तो ती तिच्यासमोरच्या डायलवर फिरवायची. पलीकडचा बोलायला लागला की तुम्हाला जोडून द्यायची. उचलला, नाही उचलला, बिझी आहे, जेवायला गेलेत, सगळं ती शब्दांत सांगायची. रावेरच्या गेटवेला तेवढं जमत नाही.