मागची वेळ कशी काढायची?

प्रश्न: सर, सदाशिव पेठेतल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं सांभाळतो. व्याज लावणारा जॉब (आपोआप चालणारं काम) दर महिन्याच्या १ तारखेला चालतो. क्वार्ट्झ या जावातल्या वेळापत्रक लायब्ररीमधली ओळ अशी: '० ० २० १ * ?' (क्रमाने सेकंद, मिनिट, तास, तारीख, महिना, वार). सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर आहे. मॅनेजरसाहेबांना स्क्रीनवर 'मागच्या वेळी कधी चालला' हे हवंय. पुढची वेळ लगेच मिळते, मागची काही मिळत नाही. पुढच्या वेळेतून एक महिना वजा केला तर?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: या एका ओळीपुरतं जमेल. उद्या कुणी ओळ बदलली की बोंब. मिनिटांच्या जागी '*/४०' लिहिलं तर जॉब दर चाळीस मिनिटांनी चालत नाही. तासाच्या ठोक्याला आणि चाळिसाव्या मिनिटाला चालतो. पुढची वेळ १०:०० असेल तर मागची ९:४०. तुमची वजाबाकी ९:२० म्हणेल. ३१ तारखेचा जॉब तर वर्षातले पाच महिने फिरकतच नाही.

क्वार्ट्झमध्ये मागची वेळ देणारं 'गेटटाइमबिफोर' दिसतं, पण आवृत्ती २.३ मध्ये ते नुसतं नावाला आहे, नल (रिकामं उत्तर) देऊन मोकळं होतं. पायथनवाल्यांना क्रॉनइटर (croniter) लायब्ररीत 'गेट_प्रेव्ह' आयतं मिळतं. जावात क्रॉन-युटिल्स ही लायब्ररी घ्या, त्यात 'लास्टएक्झिक्युशन' आहे. नवी लायब्ररी नको असेल तर आत्तापासून एक तास मागे जाऊन तिथून पुढची वेळ विचारा. ती आत्ताच्याही पुढची आली तर दोन तास, मग चार, असं दुप्पट करत मागे सरका. आत्ताच्या आधीची एखादी वेळ हाती लागली की तिथून एकेक पुढची विचारत या. आत्ताच्या आधीची शेवटची ती तुमची. मागे जायला दहा वर्षांची मर्यादा घाला. २९ फेब्रुवारीला चालणाऱ्या जॉबला पाच कमी पडतील, कारण २०९६ नंतरची २९ फेब्रुवारी थेट २१०४ साली येते. (तेव्हा हे सॉफ्टवेअर असेल का, हा वेगळा प्रश्न. पतसंस्थांचं काही सांगता येत नाही.)

आता तुम्ही न विचारलेलं. यूटीसीचे २० म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड, आणि तारीख २! ट्रिगरला (जॉब कधी चालवायचा हे ठरवणाऱ्या भागाला) 'आशिया/कोलकाता' टाइमझोन द्या आणि ओळ '० ३० १ १ * ?' करा.

आणि ही काढलेली वेळ म्हणजे जॉब कधी चालायला हवा होता ती. खरंच चालला का, हे ओळीला काय ठाऊक? ट्रिगरचं 'गेटप्रीव्हियसफायरटाइम' ते सांगतं, पण जॉबस्टोअर (क्वार्ट्झ या नोंदी ठेवतं ती जागा) रॅममध्ये असेल तर गुरुवारी लाइट जाऊन सर्व्हर रिस्टार्ट झाला की तेही गेलं. त्यापेक्षा जॉबनेच सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि किती खात्यांना व्याज लागलं हे टेबलात लिहावं. स्क्रीनवर काढलेली वेळ आणि टेबलातली खरी वेळ असे दोन्ही रकाने शेजारीशेजारी दाखवा, आणि मेळ बसला नाही तर स्क्रीनवरची ती नोंद लाल करा. साहेब तेवढंच बघतील.