प्रश्न वाचकांचे : व्हिडिओ बंद केला की गिटार अडते

प्रश्न : पंचेचाळिशीत गिटार हातात घेतली. शिक्षक नाही, सगळं ऑनलाइन धड्यांवरून. आठ महिने झाले. व्हिडिओ चालू असला की त्याच्याबरोबर छान वाजतं. तो बंद केला की एक गाणं सलग होत नाही. सी कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची पकड) जीवर जाताना अडखळायला होतं, एफ तर लागतच नाही. वय आड येतंय, की आता शिक्षक शोधायलाच हवा?
– एक वाचक

उत्तर : वयाचा इथे काही संबंध नाही. व्हिडिओ चालू असताना शिकवणाऱ्याची गिटार तुमच्या गिटारवर पांघरूण घालते. तुमची एखादी तार मुकी राहिली, लय घसरली, तरी कानावर पडतं ते त्याचं वाजवणं. समोर बसलेला शिक्षक आधी तुम्हाला ऐकतो आणि मग बोलतो. ऑनलाइन धडा कितीही उत्तम असो, तो तुम्हाला ऐकत नाही. तेवढं काम तुम्हालाच करावं लागेल, आणि ते नक्की जमतं.

रोज मिनिटभर तरी एकट्याने वाजवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐका मात्र दुसऱ्या दिवशी. वाजवताना सगळं लक्ष बोटांत अडकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी कान मोकळे असतात आणि कुठे लय तुटली ते लगेच कळतं. मधली पायरी हवी असेल तर व्हिडिओचा आवाज बंद करा आणि नुसते हात बघत वाजवा. यूट्यूबवर वेग 0.75 केला तरी सूर बदलत नाही, त्याचाही उपयोग करा.

आता सी. कॉर्ड धरा आणि पाचव्या तारेपासून पहिलीपर्यंत (पहिली सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड) एकेक तार वेगळी छेडा. पहिली तार मुकी निघाली, तर दुसऱ्या तारेवरची तर्जनी आडवी पडून तिला टेकते आहे. बोटाचं टोक उभं राहायला हवं. त्यासाठी अंगठा दांड्याच्या मागे थोडा खाली घ्या, मनगट किंचित पुढे काढा. बोट फ्रेटच्या (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) अगदी जवळ, पण तिच्या अलीकडे ठेवा. लांबून दाबलं तर जोर जास्त लागतो आणि तार खरखरतेही.

तुमची खरी अडचण सी ते जी या बदलात आहे, असं मला वाटतं. जी कॉर्ड तुम्ही बहुधा मधलं बोट सहाव्या तारेवर ठेवून धरत असाल. त्याऐवजी अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवून पाहा. सी धरलेली असताना अनामिका पाचव्या तारेवर आणि मधलं बोट चौथीवर असतं. म्हणजे दोन्ही बोटं आपापल्या फ्रेटवरच राहून फक्त एकेक तार वर सरकतात. करंगळी सुरुवातीला कुरकुर करेल, करू द्या. हा बदल बसला की कितीतरी गाणी मोकळी होतात, म्हणून मी त्यासाठी इतका आग्रह धरतो.

आणि उजवा हात थांबवू नका! डावा हात जागेवर पोचेपर्यंत उजवा वाट बघत राहतो, तिथेच गाणं तुटतं. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा, चार मात्रा सी, चार मात्रा जी. बदलाच्या क्षणी हात मोकळ्या तारांवर पडला तरी चालेल, लय चुकता कामा नये. गिटारशिक्षक जस्टिन सँडरको यांच्या ऑनलाइन धड्यांत एका मिनिटात दोन कॉर्डमधले किती बदल होतात ते मोजण्याचा सराव आहे, तोही जरूर करा.

एफ पहिल्या फ्रेटवर अवघडच असते, कारण नटजवळ (दांड्याच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ) तारा सर्वांत ताठ लागतात. तीच बार कॉर्डची (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी ठेवून धरायची) पकड पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे ती ए कॉर्ड होते. ती स्वच्छ वाजली की एकेक फ्रेट खाली या. स्टीलच्या तारांची गिटार असेल आणि बाराव्या फ्रेटवर सहावी तार तीन मिलिमीटरहून बरीच उंच असेल, तर आधी जाणकाराकडून ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, खाली करून घ्या. अशा गिटारवर एफ न लागणं हा तुमचा दोष नाही.

शिक्षकाकडे अधूनमधून हात दाखवून यायला हरकत नाही. बोटांची टोकं दुखतात ती घट्टे पडले की थांबतात. मनगट दुखत असेल तर मात्र वाजवणं थांबवा आणि लगेच कुणाला तरी दाखवा.

प्रश्न : ट्यूनर ॲपवर सहाही तारा बरोबर लागतात, तरी कॉर्ड बेसूर वाजते. असं का?
– एक वाचक

उत्तर : ॲप मोकळी तार मोजतं, कॉर्डमध्ये तुम्ही ती दाबता. गरजेपेक्षा जोरात दाबली किंवा बाजूला ओढली गेली, की सूर चढतो. आधी हलक्या हाताने दाबून पाहा. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून ॲपवर तपासा. मोकळ्या तारेचाच सूर एका सप्तकाने वर यायला हवा. तसा येत नसेल तर तारा बदला, जुन्या तारा सूर नीट धरत नाहीत. नव्या तारांवरही फरक राहिला तर गिटारचं सेटिंग करून घ्यावं लागेल.